पुठ्ठ्याच्या शहराखाली

सरांनी माझी घरं दोन बोटांनी उचलली. मेलेला उंदीर उचलतात तशी. सगळी घरं एकाच पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती, म्हणून आख्खी ओळ एकदम वर आली.

"हे इथे कोणी लावलं?"

सगळा वर्ग टेबलाभोवती उभा होता. मी हात वर केला.

"काय आहे हे?"

"आमचा मोहल्ला, सर. तलावाच्या पाळीखालचा."

"मी तुला काय करायला सांगितलं होतं, बेटा? तलाव. सुंदर तलाव." सर कधी ओरडत नसत. त्यांचा आवाज गोड होता. "आपलं शहर छान दिसलं पाहिजे ना? मग हे इथे घाण नाही दिसत?"

सानिका म्हणाली, "सर, वासपण येईल."

वर्ग हसला. सरांनी तिला रागावल्यासारखं बोट दाखवलं, पण तेही हसत होते. मग वाकून त्यांनी माझी घरं टेबलाखाली सरकवली. तिथं कापलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि डिंकाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. घरांच्या जागी हिरव्या स्पंजची झाडं लावायची होती. बगीचा.

ती झाडं लावायला सरांनी मलाच सांगितलं. मी लावली.

मी तेव्हा सातवीत होते. आमचं गाव तालुक्याचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. एका अंगाला जंगल, एका अंगाला धानाच्या बांध्या आणि मधात मालगुजाराच्या काळातला मोठा तलाव. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आम्ही ढिवर. बाबा तलावात जाळं टाकत. माय बाजारात मच्छी विके, हिवाळ्यात शिंगाडे विके. तलाव नसता तर आम्ही कुठं असतो, हा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी विचारला नाही. तलाव होताच.

शाळा खाजगी होती. टाय, बूट, पिवळी बस. कायद्यानं काही गरीब पोरं फुकट घ्यावी लागतात, त्यात माझा नंबर लागला. बाबांनी त्या दिवशी मोहल्ल्यात चिवडा वाटला होता. मला खांद्यावर बसवून पाळीवरून नेलं होतं. तो 'फुकट' शब्द पुढं माझ्या नावाला चिकटणार आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार. वर्गात मुलं मला नावानं कमी आणि 'फुकटवाली' म्हणून जास्त हाक मारत. पेन हरवला तर आधी माझं दप्तर पाहिलं जाई. सापडत काही नसे. पण पुढच्या वेळेस पुन्हा आधी माझंच.

मी बोलले की हसू फुटे. मी 'मले' म्हणायचे. बाई म्हणायच्या, "मले नाही, मला." मी 'काऊन' म्हणायचे. "काऊन नाही, का." हळूहळू मी वर्गात बोलणं बंद केलं. घरी बोलायचं एका जिभेनं, शाळेत गप्प बसायचं दुसऱ्या जिभेनं. असं माझं चालू होतं.

आणि बोटं. हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बायापोरींची बोटं काळी असतात. उकडलेले शिंगाडे सोलून सोलून टरफलाचा काळा रंग नखांत बसतो, चामडीच्या भेगांत बसतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. हंगाम सरला की आपोआप जातो. चित्रकलेच्या तासाला पुठ्ठ्याला हात लावण्याआधी सर म्हणत, "हात दाखव." मी दाखवायचे. "जा, धुऊन ये." मी नळावर जाऊन धुवायचे, यायचे. "दाखव." पुन्हा काळीच. "नीट धू, बेटा." अर्धा तास माझा नळावर जाई. सानिकाच्या बोटांना चिप्सचं तेल असे. तिनं केलेल्या पुठ्ठ्याच्या बँकेच्या भिंतीवर ते डाग उठून दिसत. तिला हात दाखव असं कोणी म्हटलं नाही.

तरी चित्रकलेचा तास मला आवडायचा. तिथं बोलावं लागत नसे. हातानं करावं लागे, आणि हात माझे चांगले होते. जाळं विणणाऱ्याच्या घरची पोर मी. गाठ कशी मारायची हे मला लिहिण्याच्या आधी आलं.

संमेलनाच्या प्रदर्शनासाठी सरांनी ठरवलं की सगळ्या वर्गानं मिळून एक शहर करायचं. आपलंच गाव, पण उद्याचं. दुकानादुकानांतून खोके आणले. हॉलमध्ये मोठमोठी टेबलं जोडून त्यावर रस्ते आखले. कोणाला दवाखाना, कोणाला बसस्टँड, कोणाला कॉलेज. सानिकाला बँक आणि नगर परिषदेची इमारत, कारण नगराध्यक्ष तिचे काका होते आणि प्रदर्शनाला तेच येणार होते. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे.

मला तलाव मिळाला.

"तुला माहीत आहे ना तलाव," सर म्हणाले.

मला फार आनंद झाला. मी खोटं सांगत नाही. पहिल्यांदा त्या शाळेत मला माहीत असलेली गोष्ट कोणी मला मागितली होती. मी निळ्या कागदावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं, पाणी चमकायला पाहिजे म्हणून. हिरव्या लोकरीचे शिंगाड्याचे वेल केले. आगपेटीच्या खोक्याचा डोंगा केला, बाबांच्या लहान नावेसारखा. मग तलाव पूर्ण झाला आणि मला तो ओसाड वाटला. एवढं पाणी, आणि माणूस नाही. तेव्हा मी चपलांच्या खोक्यातून घरं कापली. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेऊन वाळत टाकलेलं जाळं केलं. आमच्या घराला मी दार केलं, उघडणारं, बंद होणारं. आमच्या खऱ्या घराला तेव्हा दार नव्हतं. पोत्याचा पडदा होता.

तीच घरं सरांनी उचलली.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "तलावात कारंजं पाहिजे." आमच्या तलावात कधी कारंजं नव्हतं. पण उद्याच्या शहरात पाहिजे होतं. सरांनी सलाईनची नळी आणली, प्लास्टिकची बाटली आणली, माझा निळा कागद काढून तिथं पसरट ताट बसवलं. टेबलाखालून बाटली दाबली की नळीतून पाणी वर उडे. ताटाला भोक होतं, त्यातून पाणी खाली ठेवलेल्या बादलीत पडे. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मग सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. बाटली दाबायला टेबलाखाली कोणीतरी बसायला पाहिजे होतं.

"तू बस," ते मला म्हणाले. "तू बारीक आहेस. आणि तुला पाण्याची सवय आहे."

मी बऱ्याच दिवसांनी वर्गात तोंड उघडलं. "सर, मग तलावाची माहिती कोण सांगेल?"

"सानिका सांगेल. तिचं बोलणं स्वच्छ आहे."

बाकी सगळ्यांना छातीवर लावायला रिबिनीचं फूल मिळालं. मला नाही. खाली कोण बघणार होतं?

घरी मायला मी हे सांगितलं नाही. तलाव मला मिळाला, एवढंच तिला माहीत होतं, आणि ते तिनं आख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं. संमेलनाच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज मी टोपली लवकर उचलतो. येतो तुहा तलाव पाहाले."

मी म्हटलं, "नको येऊ. लई गर्दी राह्यते."

"गर्दीले काय भेतो का मी? बाजारात बसतो मी." ती हसली. माझी वेणी घालताना तिच्या काळ्या बोटांनी तिनं माझी रिबीन दोनदा सोडली, दोनदा बांधली.

प्रदर्शनाआधी सरांनी मला आत पाठवलं. टेबलांवरून जमिनीच्या चार बोटं वरपर्यंत पांढरं कापड सोडलं होतं आणि ते चारी बाजूंनी टाचण्यांनी पक्कं केलं. शेवटची टाचणी लावण्याआधी सर वाकून म्हणाले, "वरून मी टकटक केलं की दाबायचं. पाहुणे जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. आवाज करायचा नाही. शहाणी आहेस ना?"

मी मान हलवली. टाचणी लागली.

आत मान सरळ करता येत नव्हती. गुडघे छातीशी. डोक्यावर आख्खं गाव. दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या. पुढ्यात बादली, हातात बाटली. बाजूला कचऱ्यात माझी घरं पडली होती, एका अंगावर. थंडीचे दिवस. ताटाचं भोक नीट बसलं नव्हतं, त्यामुळे पाणी बादलीत कमी आणि माझ्या डोक्यावर जास्त पडायचं. टकटक झालं की मी दाबायचे. वर लोक 'वा' म्हणायचे. खाली माझ्या मानेवरून पाणी पाठीत जायचं.

कापडाखालून पाय दिसत. बूट, सँडल, नवीन साड्यांचे काठ. पाय येत, थांबत, पुढं जात. वर सानिकाचा आवाज, पाठ केलेला: "हा आपल्या शहराचा ऐतिहासिक तलाव. उद्याच्या शहरात इथे बगीचा, बोटिंग आणि संगीत कारंजं असेल." टकटक. दाब. "वा."

मला लघवीला लागली. आधी मी मांड्या आवळून धरल्या. नंतर श्वास धरला. कोणाला सांगू? सर वर होते आणि आवाज करायचा नव्हता. एकदा कापडाला बोट लावलं, तर टाचणी टोचली. बाहेर लाऊडस्पीकरवर कोणाचं तरी स्वागत चाललं होतं. ते संपत नव्हतं. एकाचं झालं की दुसऱ्याचं.

मग ते पाय आले. भेगा पडलेल्या टाचा, भेगांत तलावाची माती, पायाच्या बोटांत झिजलेली जोडवी. चप्पल नव्हती. दाराशी काढून ठेवली असणार, देवळात काढतात तशी. बाकी सगळे बूट घालून आत आले होते.

माझी माय.

"बाई," ती सानिकाला म्हणाली, "हा तलाव माह्या पोरीनं केला ना? कुठी आहे ते?" तिनं माझं नाव घेतलं.

सानिका म्हणाली, "ती आज आली नाही."

"काऊन नाई येणार? सकाळी मीच वेणी घातली तिची."

सरांचे बूट जवळ आले. "बाई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा. पाहुणे येत आहेत. मुलगी असेल इथेच कुठेतरी."

मायचे पाय लगेच हलले नाहीत. पायाची बोटं जमिनीत रुतल्यासारखी वळली. मी तिच्यापासून हातभर दूर होते. हात काढला असता तर तिची टाच हाती आली असती. मी बाटली दोन्ही हातांनी धरून बसले. मग ते पाय मागं गेले, दाराकडं.

आणि मला धरवलं नाही. गरम पाणी मांड्यांवरून खाली आलं, थंड पाण्यात मिसळलं. मी रडले नाही. आपल्याखाली ओल पसरत चालली आहे, हे मी बघत बसले. माझ्या घरांचा पुठ्ठाही त्यात भिजला. दार निघून आलं.

मग ढोल वाजला. भाऊ आले. पायांची गर्दी झाली. पांढरे बूट, मागं पुष्कळ काळे बूट. सानिका म्हणाली, "काका, ही आपली नगर परिषद." सगळे हसले. बँक झाली, दवाखाना झाला. मग ते माझ्या डोक्यावर येऊन थांबले.

टकटक. मी दाबलं.

"अरे वा," भाऊ म्हणाले. "कारंजं. हेच तर आम्ही करून राह्यलो. प्लॅन मंजुरीले गेला आहे." मग म्हणाले, "पण ती ढिवरांची वस्ती कुठी गेली?"

सर हसले. "ती काढली, भाऊ. मुलांनी आधीच साफ केली."

"पाहा," भाऊ मागच्या लोकांना म्हणाले, "आपल्याले नोटिसा द्या लागतात, पोलीस न्या लागते. पोट्ट्यायनं कात्रीनं काम केलं."

मोठा हशा झाला. वर टेबल हललं, इतका. त्या हशात मी माझ्या मायचा आवाज शोधत होते. ती हसत नव्हती. ती तिथंच दाराशी उभी होती आणि सगळं ऐकत होती.

त्या क्षणी मला काय झालं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. राग म्हणावा तर राग नव्हता. एवढंच कळलं, लख्ख कळलं, की हे लोक माझं घर काढणार आहेत, आणि काढताना पाणी उडवायला मलाच बसवलं आहे. तलाव माझा. झाडं मी लावली. हात माझा. बाटली माझ्या हातात.

टकटक.

मी दाबलं नाही.

टकटक. टकटक. सर वर हसत काहीतरी म्हणाले. मग कापडाखालून त्यांच्या बुटाचं टोक आत आलं आणि माझ्या गुडघ्याला लागलं. हळूच. दुखलं नाही. बैलाला टोचतात तसं, चल म्हणून.

मी बाटली खाली ठेवली. दोन्ही हातांनी कापड ओढलं. टाचण्या तुटून उडाल्या, कापडासोबत बसस्टँड खाली आलं, कॉलेज कललं. मी गुडघ्यांवर रांगत बाहेर आले, भाऊंच्या पांढऱ्या बुटांजवळ, आणि उभी राहिले. फ्रॉकमधून पाणी गळत होतं. वास येत होता. मला माहीत होतं कशाचा.

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

सर त्याच गोड आवाजात म्हणाले, "बेटा, आत जा."

"नाई जात."

"असं करू नये. आत जा."

"मी नाई जात. तलाव मी केला. आन् तिथी आमची घरं आहेत. सरानं टेबलाखाली टाकली. मले बी तिथंच टाकलं."

सर सवयीनं म्हणाले, "मले नाही, मला." त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. त्यांनाही नंतर चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, पायापर्यंत पाहिलं. "कोणाची पोरगी आहे?"

हॉलमध्ये कोणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं तरी नाही. मग दाराकडून आवाज आला.

"माही आहे."

माय चालत आली. गर्दी बाजूला झाली. मच्छीच्या ओल्या टोपलीच्या वाटेतून लोक बाजूला होतात तशी. तिनं पदर काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळला. भाऊंकडं पाहून ती म्हणाली, "त्या वस्तीतली आहे. नोटीस आमालेच देता तुमी." एवढंच. मग माझा हात धरून ती दाराकडं चालायला लागली. दाराशी तिनं चप्पल घातली नाही. हातात घेतली.

त्या दिवशी आम्ही जिंकलो असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी बाबांना बोलावलं. खोलीत खुर्च्या होत्या. बाबा उभे राहिले. त्यांना बस कोणी म्हटलं नाही आणि ते बसलेही नाहीत. मॅडम म्हणाल्या की सगळ्या वर्गाची मेहनत मी एका क्षणात मोडली. पाहुण्यांचा अपमान केला. शाळेनं मला फुकट शिकवलं, त्याचं हे फळ. "सगळ्यांसमोर माफी मागितली, की आम्ही विषय संपवू."

बाबा घाबरलेले होते, आणि त्याला कारण होतं. तलाव नगर परिषदेचा. मच्छी धरण्याचा ठेका दरवेळी आमच्या ढिवरांच्या सोसायटीला मिळे, आणि तो देणं न देणं भाऊंच्या हातात होतं. येता ठेका तोंडावर आला होता.

बाबा माझ्याकडं वळले. "माग माफी, बाई."

मी मान हलवली, नाही म्हणून.

"एक शबुद आहे. बोल आन् मोकळी हो."

"कायची माफी, बाबा?"

त्यांनी हात उगारला. तो हात वरच राहिला. मग त्यांनी तो खाली आणून स्वतःच्या दुसऱ्या हाताला जोडला आणि मॅडमपुढं वाकले. "पोरगी आहे, मॅडम. मी मागतो तिच्याकडून."

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी ओरडले, "बाबा, नका मागू." पण ते मागून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे." माझ्या बापाचं डोकं खाली गेल्यावर त्यांचं सगळं ठीक झालं.

शाळेनं मला काढलं नाही. कायद्यानं काढता येत नव्हतं. पण पुढं मी कुठल्या नाटकात नव्हते, नाचात नव्हते, प्रदर्शनात नव्हते. चित्रकलेच्या तासाला सर मला वाचनालयात बसायला पाठवत. "वाच तू, बेटा." आवाज तसाच गोड. मुलं आता मला 'कारंजं' म्हणत, आणि कशावरून म्हणत ते सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी मी टाय बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. मी मायला म्हटलं, मले त्या शाळेत नाई जायचं. ती म्हणाली, "जा. तुही जागा आहे ते. सोडली तं त्यायले पाहिजेच आहे." म्हणून जात राहिले. आठवी होईपर्यंत, कायद्यानं जागा होती तोवर, त्याच भिंतींत. तुरुंगात माणूस काय करतो, ते मला कोणी सांगायला नको. तो दाराकडं बघतो आणि अभ्यास करतो.

त्या उन्हाळ्यात तलावाचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला गेला. बाबा आपल्याच तलावात त्याच्या हाताखाली रोजीनं जाळं ओढायला लागले. पुष्कळ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताटावर बसले तरी माझ्याकडं पाहत नसत. मोहल्ल्यातही लोक बोलले. एका पोरीच्या तोंडापायी सगळ्यांच्या तोंडचा घास गेला, असं. मी रात्री गोधडीत तोंड खुपसून पडायचे. बोलले नसते तर? हाच प्रश्न.

एकदा शिंगाडे सोलता सोलता मी तो मायला विचारला. तिनं हात थांबवला नाही.

"त्यायचा प्लॅन तुह्या आधीचा होता," ती म्हणाली. "तू चूप बसली असती तरी ठेका जाताच होता. मंग चूप बसून काय भेटलं असतं तुले?"

मी पुढचा शिंगाडा उचलला. ती म्हणाली, "तेच. काई नाई."

ठेका माझ्यामुळं गेला की ठरलेलाच होता, हे मला आजही नक्की माहीत नाही. पण मायचा प्रश्न माझ्यात राहिला. गप्प बसण्याचा पगार कोणाला मिळतो, हे मी तेव्हापासून बघायला लागले. बाबांना नाही मिळाला. त्यांनी हात जोडले होते, तरी त्यांचं जाळं गेलं. म्हणजे हात जोडण्यानं काही वाचत नाही. ही गोष्ट शाळेत कोणी शिकवली नाही. शाळेनंच शिकवली, पण.

मी पुढं चंद्रपूरला कॉलेज केलं. तिथं पोंभुर्ण्याच्या, भामरागडच्या मुली भेटल्या. एक माडिया मुलगी होती. तिला आश्रमशाळेत गोंडी बोलली म्हणून उन्हात उभं केलं होतं. आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. ती तिच्या भाषेत बोले, मी माझ्या. कोणी कोणाला सुधारलं नाही. बोलण्यानं माणसाला हलकं वाटू शकतं, हे मला तिथं कळलं. सगळ्या गोष्टी मात्र तिलाही सांगितल्या नाहीत. त्या टेबलाखालची ओल मी आज पहिल्यांदा सांगते आहे. ती लाज माझी नव्हती, हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

मी आता परत मोहल्ल्यात राहते. शिकवण्या घेते, आणि ढिवर बायांनी मिळून काढलेल्या सोसायटीचं काम बघते. तलावाच्या सौंदर्यीकरणाचा प्लॅन मधे थंडावला होता. यंदा पुन्हा निघाला. घरांवर लाल रंगाचे आकडे पडले आहेत. मागच्या महिन्यात एक अधिकारी आला, तरुण, शिकलेला. पाळीवर खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही थोडं सहकार्य करा. गाव सुंदर होईल." आवाज अगदी गोड. माझ्या मानेवरून पाणी उतरल्यासारखं झालं. मी बसले नाही. उभ्यानंच विचारलं, "गाव म्हणजे कोण?"

त्यानं फाईल बंद केली.

आता तहसीलमध्ये सुनावणी लागली आहे. मोहल्ल्याची बैठक झाली, तेव्हा बोलायला कोणाला पाठवायचं असा विषय निघाला. कोणी म्हणालं, जुना माणूस पाठवा, नरमाईनं बोलणारा. बाबा आता थकले आहेत, बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मागून बोलले. "नरमाईनं मी बोललो होतो," ते म्हणाले. "पोरीले पाठवा." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

सुनावणीला मी जाणार आहे. तिथं मला खुर्ची दिली तर बसेन, नाही दिली तर मागून घेईन. मी विनंती करणार नाही. कोणाचे आभार मानणार नाही. आमच्या जिभेत बोलणार, आणि कळलं नाही असं कोणी म्हणालं, तर तेच पुन्हा बोलणार. आमची घरं इथं आहेत. आम्ही इथून हलत नाही. मंजूर करा की नामंजूर करा, हे तुमचं काम. हलणार नाही, हे आमचं.

बाबा येतील की नाही ठाऊक नाही. आले, तर या वेळी त्यांच्या पुढं मी उभी राहणार आहे. त्यांना मी हात जोडू देणार नाही.